जप्ती एक लाख बत्तीस हजारांची, गोठवणूक पूर्ण खात्याची: अंबडमधल्या एका वर्कशॉपचं प्रकरण

मार्चमधला बुधवार. संध्याकाळी सहाच्या सुमारास नानांना सातपूरच्या स्टीलवाल्याचा फोन आला. "नाना, चेक परत आला तुमचा. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

नाना म्हणजे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत टर्निंगचं जॉबवर्क करणारे एक मालक. दोन लेथ, एक सीएनसी, पाच कामगार. मोठ्या कारखान्यांना लागणारे बुश आणि पिना ते बनवून देतात. मी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि आता अशा चार-सहा छोट्या युनिटांचे हिशेब बघतो. नानांचे हिशेब माझ्याकडे नव्हते. त्यांची सूनबाई माझ्या मुलीची मैत्रीण, त्या ओळखीने हे प्रकरण माझ्याकडे आलं. बँकेचं नाव मी लिहीत नाही. अशा चुका कोणत्याही बँकेत होऊ शकतात आणि नोकरीच्या काळात यातल्या एक-दोन माझ्याही हातून घडता घडता राहिल्या आहेत.

स्टीलवाल्याचा चेक ४८,३०० रुपयांचा होता. फोन ठेवताच सूनबाईंनी मोबाईलवर खातं उघडलं. शिल्लक साडेतीन लाखांच्या वर दिसत होती, पण तिथून एक रुपयाही हलत नव्हता. त्याच दिवशी आणखी दोन चेक परत गेले होते, टूल-इन्सर्टवाल्याचा ११,७६० चा आणि प्लेटिंगवाल्याचा ७,२०० चा. सिन्नरच्या एका ग्राहकाने एनईएफटीने पाठवलेले ६४,९०० रुपयेसुद्धा जमा न होता माघारी गेले होते. दुसऱ्या दिवशी मशीनच्या कर्जाचा ३१,४५० चा हप्ता नॅचमधून, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापण्याच्या सोयीतून, न वटता परत गेला. आणि शुक्रवारी नानींनी भिशीचे पैसे काढायला कार्ड घातलं, तर मशीनने ते नुसतं परत दिलं. नानींचं नाव नानांबरोबर बचत खात्यात जोडलेलं आहे. दर महिन्याच्या २१ तारखेला भिशी फुटते आणि बायकांचे २२,००० रुपये त्याच खात्यात गोळा झालेले होते. पाडवा तोंडावर आलेला. नानींनी कोणाला काही न सांगता शेजारणीकडून उसने घेऊन भिशी दिली. हे मला महिनाभराने कळलं.

मुळात झालं काय होतं

पितळी बार पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्याची जीएसटी विवरणपत्रं भरली नव्हती. त्यामुळे नानांनी घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, नामंजूर झालं. कारणे दाखवा नोटीस निघाली, उत्तर गेलं नाही, आणि ऑक्टोबरमध्ये आदेश झाला. कर, व्याज, दंड मिळून १,३२,४८० रुपये. हे सगळं पोर्टलवर रीतसर टाकलेलं होतं. पण पोर्टलला जोडलेला मोबाईल आणि ईमेल जुन्या मुनीमाचा, आणि तो दोन वर्षांपूर्वीच सुरतेला गेलेला. पोर्टलवर टाकलेली नोटीस कायद्याने बजावलेली धरली जाते. नानांना काही माहीत नव्हतं हे खरं, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांना कळवलं गेलं होतं हेही तितकंच खरं.

इथे एक हळहळ लिहून ठेवतो. आदेश हातात पडल्यापासून अपिलाला तीन महिने मिळतात, आणि पुरेसं कारण दाखवता आलं तर आणखी एक महिना. अपील करताना वादातल्या कराच्या दहा टक्के भरले की जीएसटी कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे उरलेल्या रकमेची वसुली आपोआप थांबते. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत कोणी एकदा जरी पोर्टल उघडलं असतं तर हे प्रकरण बँकेपर्यंत पोचलंच नसतं. मार्च उजाडला तेव्हा तो रस्ता बंद झाला होता. वसुली अधिकाऱ्याने बँकेला डीआरसी-१३ नमुन्यातली नोटीस पाठवली आणि त्यात बेकायदा काहीच नव्हतं. नानांनीही ते मान्य केलं. "देणं असेल तर देऊन टाकू, त्याचं काही नाही," ही त्यांची पहिली प्रतिक्रिया होती.

माझं भांडण त्या एक लाख बत्तीस हजारांशी नव्हतंच. ते त्यापुढच्या कारभाराशी होतं.

नोटीस काय सांगते आणि बँकेने काय केलं

डीआरसी-१३ मागे केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ७९(१)(ग) आहे, राज्याच्या कायद्यातही तीच तरतूद आहे. करदात्याचे पैसे ज्याच्याकडे आहेत त्याला अधिकारी लेखी सांगू शकतो की देणं फेडायला पुरेल तेवढी रक्कम सरकारला भर, आणि रक्कम देण्याइतकीच किंवा कमी असेल तर सगळी भर. "पुरेल तेवढी" हे या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे दोन शब्द. खातं बंद करा असं हे कलम म्हणत नाही. खातं तात्पुरतं जप्त करण्याची तरतूद वेगळी आहे, कलम ८३ ची. तिचा नमुना डीआरसी-२२ आणि तिला एक वर्षाची मुदत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राधाकृष्ण इंडस्ट्रीजच्या निकालात तो अधिकार कठोर असल्याचं सांगून तो जपून वापरावा असं बजावलं आहे. नानांच्या बाबतीत तो वापरलेलाच नव्हता.

बँकेने मात्र दोन्ही एकाच मापाने मोजले. खात्याला कुलूप लावण्याचे प्रकार बँकेच्या सिस्टीममध्ये वेगवेगळे असतात, ते समजले की पुढचं सोपं होतं. लीन म्हणजे ठराविक रकमेवर खूण. तेवढी रक्कम सोडून बाकी खातं चालू राहतं. डेबिट फ्रीझमध्ये पैसे बाहेर जात नाहीत, आत येतात. क्रेडिट फ्रीझ त्याच्या उलट. टोटल फ्रीझमध्ये ना आत, ना बाहेर. नानांच्या चालू खात्यात त्या दिवशी ३,८७,२१४ रुपये होते. १,३२,४८० चं लीन मारलं असतं तर २,५४,७३४ मोकळे राहिले असते. तीन चेक आणि हप्ता मिळून ९८,७१० रुपये होतात. सगळं वटून दीड लाखाच्या वर उरले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

त्याऐवजी पॅनवरून शोध घेऊन नानांची दोन्ही खाती, चालू आणि जोडीचं बचत, टोटल फ्रीझ झाली. त्यामुळे सिन्नरचे पैसे आत येऊ शकले नाहीत. जमा करता न येणारी एनईएफटी बॅचनंतर दोन तासांच्या आत परत पाठवावी लागते, म्हणून ते लगेच माघारी गेले. जिथून वसुली करायची तिथे येणारा पैसाच अडवला, तर त्यात सरकारचं तरी काय भलं आहे?

बँक इतकी का घाबरते हेही सांगायला हवं. डीआरसी-१३ बजावल्यानंतर बँकेने ती पाळली नाही तर कायदा बँकेलाच कसूरदार धरतो. नोटीस मिळाल्यावर खातेदाराला पैसे जाऊ दिले तर त्या मर्यादेपर्यंत बँक स्वतः सरकारला देणं लागते. शाखेतल्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर ही तलवार असते. शाखेत भेटलेल्या मॅडम तरुण होत्या, वागायला नीट होत्या. त्या म्हणाल्या, "सर, लीगल सेलचा मेल आला, टोटल मारा म्हणून. आम्ही मारलं." मी त्यांच्या जागेवर बसलेलो आहे. मार्चमध्ये दिवसाला पाच-सहा नोटिसा टपालात येतात. शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद, पॅन टाकून खाती शोधायची, कुलूप लावायचं, उत्तराचं पत्र टाईप करायचं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम, आणि सगळ्यांत सुरक्षित वाटतो तो टोटलचा पर्याय. पण जे बँकेसाठी सुरक्षित असतं त्याची किंमत खातेदार मोजतो, आणि या प्रकरणात ती किंमत रुपया-पैशांत छापून आली होती.

उताऱ्यातल्या ओळी

सूनबाईंनी खात्याचा उतारा छापून आणला होता. मी लाल पेनने खुणा करत गेलो.

१८ तारखेला, कुलूप लागायच्या आधी, चालू खात्यातून २,३६० रुपये वळते झालेले. तपशील: कायदेशीर नोटीस प्रक्रिया शुल्क. म्हणजे दोन हजार आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी ३६०. त्याच मिनिटाला बचत खात्यातूनही २,३६०. एकच नोटीस, खाती दोन, शुल्क दोनदा. मग १९ तारखेला चेक परतीचे ५९० प्रमाणे तीन, मिळून १,७७०. २० तारखेला नॅच परतीचे ५९०. एकूण ७,०८०. मशीनच्या कर्जाच्या कंपनीनेही तिच्या बाजूने हप्ता चुकल्याचे ५९० लावले, ते वेगळे.

मला सर्वांत जास्त टोचलं ते हे. दोन्ही खाती पूर्ण गोठलेली होती. नानींना बचत खात्यातून भिशीचे पैसे काढता आले नाहीत, कामगाराचा ॲडव्हान्स देता आला नाही, सिन्नरचा पैसा आत येऊ शकला नाही. पण तशाच गोठलेल्या चालू खात्यातून बँकेचे चार्जेस चार वेळा सुरळीत निघाले. सिस्टीमला तशी सवलत असते हे मला माहीत आहे. सवलत असते म्हणून ती वापरणं योग्य ठरत नाही.

एका गोष्टीवर माझा शाखा व्यवस्थापकांशी बराच वेळ वाद झाला. मी म्हणालो, पहिल्या चेकच्या परतीचं कारण वाचा. मेमोवर छापलं होतं "अपुरी शिल्लक". खात्यात पावणेचार लाख असताना अपुरी शिल्लक? चेक परतीच्या ठराविक कारणांमध्ये जप्ती आदेशामुळे देयक थांबवले असं कारण आहे, ते निवडता आलं असतं. अपुऱ्या शिल्लकीच्या मेमोवर समोरचा माणूस तीस दिवसांत नोटीस देऊन चेक न वटल्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रारीच्या मार्गाला लागू शकतो. बाजारात तर मेमो वाचून माणसाची पत ठरते. आणि चेक परतीचं शुल्क खातेदाराची चूक असेल तरच घ्यावं, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना केव्हाच सांगितलेलं आहे. नानांनी पैसे ठेवले होते. ते अडवले बँकेने, तेही गरजेपेक्षा जास्त. मग ५९० कशाचे?

प्रक्रिया शुल्काबद्दल व्यवस्थापकांचं म्हणणं असं की मनुष्यबळ लागतं, लीगल सेल लागतो, त्याचा खर्च येतो. खर्च येतो हे मी नाकारत नाही. पण हे काम बँक नानांसाठी करत नाही. कायद्याने बँकेवर टाकलेली ही जबाबदारी आहे आणि ती पाळून बँक स्वतःला कसूरदार ठरण्यापासून वाचवते. ज्या कामाने बँकेचं स्वतःचं रक्षण होतं, त्याचं बिल खातेदाराच्या नावावर का?

या शुल्काचा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत तर बँका जप्तीच्या प्रत्येक कागदावर शंभर डॉलरच्या आसपास शुल्क घेतात आणि ते तिथे सर्रास चालतं. पण त्याला तिथे काही आवर घातलेला आहे. आयकर खात्याच्या जप्तीची रक्कम बँकेने एकवीस दिवस स्वतःकडे थांबवून मगच पाठवायची असते, म्हणजे खातेदाराला बोलायला वेळ मिळतो. सामाजिक सुरक्षेसारखी सरकारी रक्कम खात्यात जमा होत असेल, तर न्यायालयीन जप्तीच्या वेळी मागच्या दोन महिन्यांतली तेवढी रक्कम सुरक्षित धरली जाते, आणि त्या सुरक्षित रकमेतून बँकेला जप्तीचं शुल्क कापता येत नाही. तिथल्या कर खात्याने चुकीने जप्ती लावली, तर बँकेने कापलेले चार्जेस परत मागण्यासाठी एक स्वतंत्र छापील अर्जही आहे. असा अर्ज आपल्याकडे माझ्या पाहण्यात आलेला नाही. इथे सगळं अर्जविनंतीवर आणि पाठपुराव्यावर चालतं.

पत्र, पाठपुरावा, सातशे वीस रुपये

शुक्रवारी २१ तारखेला आम्ही शाखेत लेखी पत्र दिलं आणि पोच घेतली. पत्र एक पानाचं होतं. त्यात तीनच मागण्या. एक, टोटल फ्रीझ काढून नोटिशीतल्या रकमेपुरतं लीन ठेवा आणि बचत खातं पूर्ण मोकळं करा, कारण चालू खात्यात देण्याच्या जवळजवळ तिप्पट शिल्लक आहे. दोन, लावलेलं प्रत्येक शुल्क कोणत्या शुल्कपत्रकाच्या कोणत्या ओळीप्रमाणे लावलं ते लेखी कळवा. तीन, चेक परतीचं खरं कारण नमूद करणारं पत्र द्या. पत्रात रागाचा एकही शब्द घातला नाही. नोकरीत असताना पाहिलं आहे, रागाची पत्रं फाईलला लागतात आणि आकड्यांची पत्रं वर जातात.

चौथा शनिवार आणि रविवार मधे आला. सोमवारी २४ तारखेला बँकेने १,३२,४८० सरकारकडे भरले आणि दोन्ही खाती मोकळी केली. सहा दिवस. मोठ्या कारखान्याला सहा दिवस म्हणजे काही नाही, पाच कामगारांच्या वर्कशॉपला फार असतात.

चार्जेसबद्दल मात्र उत्तर येईना. शाखेतल्या भिंतीवरच्या फलकावर हे प्रक्रिया शुल्क नव्हतंच. सूनबाईंनी बँकेच्या वेबसाईटवरून शुल्कपत्रक काढलं, सव्वीस पानांचं, आणि रात्री स्वयंपाक उरकल्यावर ओळ न ओळ वाचत बसल्या. एकोणिसाव्या पानावर ती ओळ सापडली. दर दोन हजार, आणि पुढे बारीक अक्षरांत "प्रति नोटीस". प्रति खाते नव्हे. त्यांनी त्या ओळीवर पिवळी खूण करून मला फोटो पाठवला तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते. त्या एका शब्दावर बचत खात्यातलं शुल्क उघडं पडलं.

दुसरं पत्र आम्ही बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. त्यात एक वाक्य मुद्दाम घातलं, की तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार दाखल करू. ही योजना २०२१ पासून आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणं आणि तिला तीस दिवस दिलेले असणं गरजेचं असतं. पुष्कळ लोक थेट लोकपालाकडे धावतात आणि तक्रार तिथेच फेटाळली जाते.

बाविसाव्या दिवशी खात्यात ४,००० रुपये परत आले. नाना खूश झाले. सूनबाई झाल्या नाहीत. परत करायच्या शुल्कांची मूळ रक्कम चार हजार, बचत खात्याचे दोन हजार, तीन चेकचे दीड हजार, नॅचचे पाचशे. पण त्यांवर कापलेला अठरा टक्के जीएसटी, ७२० रुपये, बँकेने ठेवूनच घेतला होता. शुल्कच चुकीचं तर त्यावरचा कर कुठला? त्यांनी दोन ओळींचा ईमेल केला आणि चार दिवसांत ७२० आले. मिळून ४,७२०.

चालू खात्यावरचे २,३६० बँकेने परत केले नाहीत. शुल्कपत्रकात ओळ आहे, नोटीस खरी होती, म्हणून शुल्क योग्य, असं लेखी उत्तर आलं. माझं मत मी वर लिहिलंच आहे आणि त्यात बदल नाही. लोकपालाकडे जाण्याची माझी तयारी होती, मसुदाही केला होता. नाना नको म्हणाले. खातं त्यांचं, निर्णय त्यांचा. कर्ज कंपनीचे ५९० मात्र बँकेच्या पत्राची प्रत दाखवल्यावर पुढच्या हप्त्यात वळते झाले.

त्याच महिन्यात पंचवटीतल्या एका भाजीवाल्या मावशींचं खातं परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून गोठलं होतं. कोणा गिऱ्हाईकाने यूपीआयने दिलेले काही शे रुपये फसवणुकीच्या साखळीतले निघाले. तिथेही तीच गोष्ट, वादातली रक्कम शेकड्यात आणि अडवलं अख्खं खातं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत गोठवणूक पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतीच ठेवायला सांगितलं. त्या कामाचा रस्ता वेगळा, पोलिसांशी पत्रव्यवहाराचा, म्हणून इथे त्यात शिरत नाही. पण बँकेला पहिलं पत्र लिहिताना मागणी तीच करायची: रकमेपुरतं लीन.

तिसरी मागणी

पैशांपेक्षा नानांचा जीव अडकला होता तो तिसऱ्या मागणीत. स्टीलवाल्याने उधारी बंद केली होती. "आधी आरटीजीएस, मग माल," असा निरोप त्याने पोराकरवी पाठवला. पंचवीस वर्षांच्या व्यवहारात नानांना हे पहिल्यांदा ऐकावं लागलं. चेकचे पैसे तर खातं सुटल्याच्या दिवशीच त्यांनी चुकते केले होते. तरी दुकानात जायला त्यांचं मन धजावत नव्हतं.

बँकेचं पत्र एप्रिलच्या शेवटी आलं. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी: सदर तीन धनादेश खात्यात पुरेशी शिल्लक असताना वसुली नोटिशीमुळे परत गेले, परतीच्या मेमोवर नोंदवलेले कारण चुकीचे होते. नानांनी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि मला सोबत घेऊन सातपूरला गेले.

स्टीलवाल्याने चष्मा लावून पत्र वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग घडी करून गल्ल्याशेजारच्या नानांच्या उधारीच्या वहीत ठेवलं आणि आतल्या पोराला हाक मारली.

"ईएन-आठचा पंचवीस एमएमचा बार किती शिल्लक आहे बघ रे. नानांना उद्या सकाळी पाठवायचाय."